आतली कडी

आमच्या बाथरूमची आतली कडी नवऱ्यानं भाऊबीजेच्या दिवशी काढून टाकली. स्क्रू ड्रायव्हरनं खोलली आणि शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. मी पलंगावरून बघत होते. नरक चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान करून उठताना मी आत पडले होते आणि दार फोडायला वॉचमनला वर बोलवावं लागलं होतं. त्यामुळे मला बोलायला तोंड नव्हतं.

मल्टिपल स्क्लेरोसिस. नसांवरचं आवरण खराब होतं, मेंदूचा निरोप पायापर्यंत धड पोचत नाही, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. आमचं आधीचं लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर दुसऱ्या मजल्यावर होतं आणि तिथला जिना मला झेपेना. म्हणून नवऱ्यानं सरकारी नोकरी सोडली, एका खाजगी कंपनीत शिरला आणि गुडगावला लिफ्टवाला फ्लॅट घेतला. खिडकीतून एकीकडे मोहरीची शेतं दिसायची, दुसरीकडे क्रेन. हौसेनं त्यानं दुकानातला सगळ्यात मोठा गीझर आणला. "आता कितीही गरम पाणी घे," म्हणाला. बिचारा. मनापासून म्हणाला होता.

मी पडले तेव्हा सासूबाई पुण्याहून दिवाळीला आलेल्या होत्या. त्या मग परत गेल्याच नाहीत. रोज सकाळी माझ्या पायांना तेल चोळायच्या, वाफाळतं पाणी काढून द्यायच्या आणि कडी नसलेल्या दाराबाहेर स्टूल टाकून बसायच्या. दर दोन तांब्यांनंतर विचारायच्या, "आहेस ना गं?"

"आहे."

कुठे जाणार होते? आंघोळ झाली की त्या मला हाताला धरून बाहेर काढायच्या, कारण तोवर माझे पाय भिजलेल्या कणकेसारखे झालेले असायचे. मग त्या जास्त तेल लावायच्या, पाणी आणखी कढत काढायच्या. माणूस आजारी पडला की त्याचं अंग सगळ्यांचं होतं. मला त्या माऊलीचा राग यायचा आणि राग आल्याची लाज वाटायची, आणि या दोन्हींचा मला भयंकर थकवा यायचा. मला फार काही नको होतं. दार लावून एकटीला आंघोळ करायची होती.

मे महिन्यात नवरा मला नवीन झालेल्या मॉलमध्ये घेऊन गेला. मला तो मॉल बघताक्षणी आवडला नाही. नुसता चकचकाट, आणि एका साध्या बनियनची किंमत ऐकून हसू यावं. पण तळघरात किराण्याचं मोठं दुकान होतं आणि तिथे चाकांच्या ट्रॉल्या होत्या. मी एक धरली. गुळगुळीत फरशी, हाताला दांडा, वर गारेगार एसी. मी डाळींच्या रांगेतून चालत गेले, साबणांच्या रांगेतून परत आले. कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. काठी घेतलेली बाई दिसली की लोक रस्ता देतात, ट्रॉली ढकलणारी बाई म्हणजे नुसती गिऱ्हाईक. किती तरी दिवसांनी मी गिऱ्हाईक झाले होते.

मग हा नेमच झाला. नवरा ऑफिसला जाताना मला दाराशी सोडायचा, जेवणाच्या सुट्टीत न्यायला यायचा. मी तासभर चालायची, थकले की बाकावर बसायची, पुन्हा चालायची. एखादी कोथिंबिरीची जुडी घेऊन निघायची. गेटवरचा गार्ड माझी कोथिंबीर बघून म्हणायचा, "बस इतना ही, मॅडम?"

एके दिवशी तिथला एसी बंद पडला. दिवे चालू होते, पण हवा हळूहळू कोंदट झाली. पिठाच्या पोत्यांपाशी माझे पाय जायला लागले. गुडघे सुटले, डावा पाय घसटू लागला. मी पोत्यावर बसून राहिले. ही अवस्था माझ्या चांगली ओळखीची होती. रोज सकाळी आंघोळीनंतर अगदी हीच. थोड्या वेळानं एसी सुरू झाला, घाम वाळला आणि मी उठून चालत दारापर्यंत गेले.

डॉक्टर पहिल्याच भेटीत म्हणाले होते, "गर्मी से बचिए." आम्ही दोघांनीही माना डोलावल्या होत्या. पण गर्मी म्हणजे मे-जूनचं ऊन. दिवाळीच्या गारठ्यात पाटावर बसून घेतलेलं कढत पाणी, तेल, उटणं, हे सगळं आमच्या लेखी औषध होतं. अभ्यंगस्नानाला कुणी गर्मी म्हणतं का?

घरी जाऊन सांगितलं तर सासूबाईंचा चेहरा पडला. "म्हणजे मीच तुझे पाय..." एवढंच म्हणाल्या. मी नाही म्हटलं, पण ते त्यांना पटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी नळाचं पाणी घ्यायला लागले. आजार काही गेला नाही. डावा पाय अजून घसटतो, दुपारनंतर मी कुणाच्या कामाची उरत नाही. पण आंघोळीनंतर भिंतीला धरून आपली आपण बाहेर येऊ लागले. तरी सासूबाईंचं स्टूल हललं नाही.

पुढच्या दिवाळीच्या आदल्या दुपारी मी ड्रॉवरमधून कडी काढली. बोटांत बधिरपणा होता, स्क्रू सारखे निसटत होते. सगळी दुपार गेली आणि एक स्क्रू तिरकाच बसला. संध्याकाळी नवऱ्यानं पाहिलं.

"बिल्कुल नाही. रिस्क आहे यार. पुन्हा पडलीस तर?"

"तर पडेन."

"आई, तू तरी सांग हिला."

सासूबाई करंज्यांना मुरड घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "राहू दे."

पहाटे त्यांनी माझ्या पाठीला तेल लावलं. तेलसुद्धा गरम केलेलं नव्हतं. उटणं चोळलं, ओवाळलं. बादली त्यांनीच भरली होती. पाण्यात हात घालून पाहिला आणि स्वतःच शहारल्या. मग बाहेर गेल्या आणि दार ओढून घेतलं. मी कडी लावली. तिरक्या स्क्रूमुळे ती जरा अडली, मग बसली.

"लावलीस?" बाहेरून आवाज आला.

"लावली."

मग स्टूल उचलल्याचा आवाज झाला आणि त्यांच्या सपाता स्वयंपाकघराकडे गेल्या.

पाणी इतकं गार होतं की माझे दात वाजत होते. तरी मी सावकाश आंघोळ केली.