चालू हंगामाचं नाव

हे सांगायचं मी कितीतरी वर्षं टाळलं. बायकोलासुद्धा सांगितलं नाही.

मी एका साखर कारखान्याचा संगणक विभाग सांभाळायचो. उसाच्या लागणीची नोंद गावोगावचे चिटबॉय, म्हणजे कारखान्याचे शेतावर फिरणारे कारकून, मोबाईलवर भरायचे. त्या नोंदी कारखान्याच्या डेटाबेसमध्ये नेऊन टाकणारं नवं सॉफ्टवेअर आलं. नोंदी कुठून उचलायच्या आणि कुठे पोचवायच्या, हे त्यात भरून देणं माझ्याकडे होतं. लागणीच्या तारखेवरून तोडीची पाळी लागते. नोंद पोचली नाही, तर ऊस शेतात उभाच.

आमच्याकडे प्रत्येक गळीत हंगामाचा डेटाबेस वेगळा, आणि लागणीची नोंद पुढच्या हंगामात जायची. कुंडलकडच्या एका गावाची जोडणी करताना मी सर्व्हरचा पत्ता, पासवर्ड सगळं नीट भरलं. डेटाबेसच्या जागी मात्र रोजच्या सवयीनं चालू हंगामाचं नाव टाकलं. ‘जोडणी तपासा’ दाबलं, हिरवी खूण आली. दार उघडलं एवढंच ती खूण सांगते. घर कुणाचं ते आपण बघायचं असतं. मी बघितलं नाही.

पुढच्या वर्षी तोड सुरू झाली. बाकी गावांत ऊसतोडीच्या टोळ्या गेल्या, या गावाची पाळीच लागेना. उसाला तुरे आले, वजन घटायला लागलं. माणसं चिटबॉयला घेऊन थेट ऑफिसात आली.

“नोंदी भरायच्या सोडून कुणाच्या वरातीत नाचत हुतास रं?” एका म्हाताऱ्यानं त्याला सगळ्यांदेखत विचारलं.

“सासुरवाडीच्या बऱ्या भरल्यास गड्या! थितं टोळी गेलीया न्हवं?” दुसरा म्हणाला. लोक हसले.

चिटबॉय माझ्याकडे वळला. “सायेब, मी येळेवर भरल्यात. तुमीच बघा की.”

“त्याला असं बोलू नका, मी बघतो,” मी म्हणालो.

सगळे गेल्यावर बघितलं. त्याच्या नोंदी जुन्या हंगामात जशाच्या तशा पडून होत्या. मी नाव बदललं, नोंदी हलवल्या आणि शेतकी अधिकाऱ्यांना फक्त एवढंच कळवलं, “नोंदी आल्या.” चिटबॉयनं आत्ता भरल्या, असं ते समजले. ती समजूत मी मोडली नाही. त्याची रहिमतपूरकडे बदली झाली. गावात तो नोंदी बुडवणारा ठरला, तो कायमचा.

निवृत्तीनंतर सगळं सांगायचं ठरवून मी त्याच्याकडे गेलो. त्यानं अंगणात खुर्ची टाकली आणि बायकोला हाक मारली, “सायबांस्नी दूध जास्त घाल गं. तवा ह्येच एकटं माझ्या बाजूनं बोललं हुतं.”

मी पाऊसपाण्याचं बोलत राहिलो. चहा प्यालो. तो स्टँडपर्यंत सोडायला आला, एसटी हलेपर्यंत खिडकीखाली उभा राहिला. गेल्या वर्षी तो वारला.

खिडकीतून एवढंच म्हणायचं होतं: तू नोंदी वेळेवर भरल्या होत्यास. चूक माझी होती, आणि ती मला त्याच दिवशी कळली होती. मला माफ कर.