आराखड्यातले आठशे

इसमाचे नाव : गंगाराम विठू मेस्त्री. वय : अंदाजे साठ. राहणार : नाटे, तालुका राजापूर. धंदा : होड्या बांधणे. शेरा : सदर इसमास मेट्रिक मोजमापाचे प्रशिक्षण देण्यात आले असून ते त्यास पूर्णपणे अवगत झाले आहे.

हे प्रशिक्षण १९८४ च्या मे महिन्यात राजापुरात एका दुपारी झाले. निम्मा वेळ पाहुण्यांची वाट पाहण्यात गेला, उरलेल्यात भाषण आणि भजी. गंगारामने तिथून एकच गोष्ट पदरात पाडून घेतली : पंचवीस मिलिमीटर म्हणजे एक इंच. शिकवणारा 'पॉइंट चार' असेही काही पुटपुटला होता, पण तेव्हा भजी आली.

बापाने त्याला हात-विती शिकवल्या होत्या, तरुणपणी माझगावच्या गोदीने फूट, इंच आणि सूत. आठ सुतांचा इंच. एवढ्या शिदोरीवर त्याने सत्तावीस होड्या पाण्यात लोटल्या, आणि एकही त्याच्या नावाने खडे फोडत बुडाली नाही.

अठ्ठाविसावी गावातल्याच गुणवंतीबायची मासेमारीची लाँच. तिचे इंजिन मुंबईहून यायचे होते, आराखडा आधीच आला. पुढच्या आणि मागच्या बोल्टांत अंतर ८००. सोबत पत्र : भोके तयार ठेवावीत, मेकॅनिक एकच दिवस थांबेल. गंगारामने आठशेला पंचवीसने भागले, बत्तीस इंच आले, आणि इंजिन ज्यांवर बसायचे त्या आईन लाकडाच्या दोन्ही तुळयांना भोके पाडली.

दुपारी जेवताना बायको तुळसा सहज म्हणाली, "शेर जाऊन किलो आला तेव्हा शेजारची मालन दोन्ही एकच समजून मासे विकी. किलो जरासाच मोठा हो. पण त्या जराशात तिची पाटी कधी रिकामी व्हायची, तिला कळायचां नाय."

गंगारामचा घास हातातच राहिला.

लेकाने मुंबईहून पाठवलेली पोलादी टेप पेटीत पडून होती. वरच्या कडेला इंच, खालच्या कडेला मिलिमीटर. त्याने ती उलगडली. पंचविसाची रेघ इंचाच्या रेघेआधी केसभर थांबत होती. केसभर. असे बत्तीस केस. आठशेवर बोट ठेवून त्याने वर पाहिले : साडेएकतीस.

चार सूत चुकले होते. चार सुतांत खिडकी बसते, दार बसते, ठोकून घेतले तर माणूसही बसतो. इंजिन बसत नाही. आणि नारळी पौर्णिमा आठ दिवसांवर होती.

भोकांत खुंट्या ठोकून शेजारी नवी पाडावीत, असे मनात येऊन गेले. वर इंजिन बसले की कोण बघतो? पण इंजिन हादरे देणार, खुंटी सैल होणार, आणि ती होणार खोल पाण्यात, जिथे गुणवंतीबायचे दोन भाऊ असतील. रात्री डोळा लागेना.

सकाळी तो तिच्या दारात उभा राहिला. "तुळया बदलाव्या लागतील."

"का? परवा तर घातल्यात."

"माप चुकला."

"तुमचा?" ती बघतच राहिली. मग म्हणाली, "म्हातारे झालात मेस्त्री."

नवा आईन आणून त्याने तुळया घडवल्या, जागच्या जागी बसवल्या, आणि हत्यारे गुंडाळून ठेवली. गुणवंतीबाय रोज फेरी मारी. "भोकां कधी पाडताव?" "पाडतो." "मेकॅनिक थांबायचा नाय हो." "म्हायती हाय." पण गिरमिटाला हात लागेना. टेपवर साडेएकतीस दिसत होते. पण बत्तीससुद्धा त्याला असेच खरे वाटले होते.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ट्रक आला. कोऱ्या तुळया बघून मेकॅनिक कपाळावर हात मारून म्हणाला, "काका, पत्र वाचता येतं ना?" गंगारामने त्याला कोपऱ्यात बसवून चहा दिला. अंधार पडायच्या आत इंजिन बसले. चारही बोल्ट हाताने फिरवून आत गेले.

पुढे तपासणीचा दाखला आला : इंजिनाचा पाया आराखड्याबरहुकूम, मेट्रिक पद्धतीने अचूक मोजून तयार केल्याचे आढळले.

गंगारामने इंजिन साखळीला टांगून तुळयांवर टेकवले होते आणि त्याच्याच पायांच्या भोकांतून खिळ्याने खुणा करून तिथेच भोके पाडली होती.