गाठीचा दुसरा रिपोर्ट

सासूबाईंना मी आत्या म्हणते. छातीत गाठ लागतेय हे त्यांनी आधी मलाच सांगितलं, तेही मेथी निवडता निवडता, मान वर न करता. "पोराला इतक्यात सांगू नगंस," म्हणाल्या. मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीत आहे. दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्यांना पिंपरीच्या दवाखान्यात नेलं. नवऱ्याला मात्र त्याच संध्याकाळी सांगून टाकलं.

सुईने तुकडा काढला, कॅन्सर निघाला. मग त्याच तुकड्याच्या आणखी तपासण्या झाल्या. तो रिपोर्ट घेऊन डॉक्टरीणबाईंनी खुर्ची आत्यांकडे वळवली.

"मावशी, तुमच्या गाठीतल्या पेशी हार्मोनच्या इशाऱ्यावर वाढतात. तो इशारा गोळीने अडवता येतो, हे चांगलं आहे. पण हर-टू नावाचा आणखी एक इशारा असतो. तो तुमच्यात जोरात आहे की नाही, हे यावरून नक्की कळत नाही. जनुकाची तपासणी करावी लागेल. औषध त्यावर ठरेल."

"म्हंजी व्हय बी न्हाई आन् न्हाई बी न्हाई?"

"अगदी तसंच."

"मंग करा की परत. नीट बघून सांगा."

कंपनीत मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो. त्या दिवसांत चहाची सुट्टी झाली की रिपोर्टचा फोन आला का ते बघायला मी लॉकरकडे पळायचे. आत्या मात्र भावकीत घरोघरी जाऊन बायकांना सांगत होत्या, "माझी गाठ दुखत नव्हती, म्हणून मी गप बसले. तुमी बसू नका." आपल्या तिघी जावांना त्यांनी तपासणीला तयार केलं. मला म्हणाल्या, "आधी तू." मी टाळत आले होते, मुकाट गेले. काही निघालं नाही.

रिपोर्ट आला. हर-टू निगेटिव्ह. मी वाचून दाखवला.

"चांगलं का वाईट?"

"चांगलं. तो दुसरा इशारा नाही. त्याचं वेगळं औषध नको, ऑपरेशननंतर आपली गोळीच."

ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, रोजची गोळी सुरू झाली. गोळीने सांधे धरतात. "गाठ कधी दुखली न्हाई, आता गुडघं दुखत्यात," असं त्या घरात कुरकुरतात. परवा डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा मात्र म्हणाल्या, "बेस हाय." मी खरं काय ते सांगितलं. व्यायाम लिहून मिळाला आणि आत्या रुसल्या. परतीच्या वाटेवर मोशी गावापर्यंत बोलल्या नाहीत. मग उसाच्या रसाच्या गुऱ्हाळापाशी गाडी थांबवायला लावली आणि माझा ग्लास बिनबर्फाचा मागवला, कारण मला सर्दी होती.