फुकटच्या हवेला कुलूप

"हवेचं बिल येतं का कुणाला?"

हे डेल्मस स्टॉलनेकरचं आवडतं वाक्य. बकहॉर्नच्या खोऱ्यात हे त्याच्या तोंडून ऐकलं नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. खाणीतून निवृत्त झाल्यावर त्याने छतावरची डिश उतरवली, तिच्यात कोंबड्यांना पाणी ठेवलं आणि घरामागच्या टेकाडावर नवा खांब रोवून लग्नापासूनचा जुना अँटेना पुन्हा लावला. चित्र आकाशातून फुकट येतं, पैसे भरतात ते येडे! मेव्हणी रीव्हा तालुक्याच्या गावी केबलचे पैसे इमानेइतबारे भरायची, म्हणून तिच्यासमोर हे जरा जास्तच मोठ्याने.

आणि मग टीव्हीवाल्यांनी प्रक्षेपणच बदललं. नवीन तऱ्हेचं प्रक्षेपण खोऱ्यात छान पोचायचं, पण डेल्मसच्या टीव्हीला त्यातलं ओ की ठो कळेना. जुन्या तऱ्हेचंही चालू होतं म्हणे, पण भलत्याच डोंगरापलीकडच्या मनोऱ्यावरून. ते खोऱ्यात उतरायला तयार नाही. म्हाताऱ्याने अँटेना चारी दिशांना फिरवला. पडदा काळा तो काळाच.

एरवी त्याने दम धरलाही असता. पण त्याची बायको ओसी टीव्हीवर येणार होती!

झालं होतं असं की अग्निशमन दलाच्या शेडमध्ये वसंतातलं रानलसणीचं गावजेवण होतं. टीव्हीवाले आले, त्यांनी ओसीच्या तोंडापुढे माईक धरला. डेल्मस बाहेर बटाटे तळत होता. आतून एकदम हशा उठला, आणि तो धावत जाईपर्यंत सगळे त्याच्याकडेच बघून हसत होते.

"काय बोललीस माझ्याबद्दल?"

"शनिवारी दुपारी बारा वाजता टीव्हीवर बघ," ओसी म्हणाली.

"आत्ता सांग की!"

"का? तुझी हवा फुकट आहे ना? मग बघ की फुकट. आणि बघायचं ते आपल्या घरात. रीव्हाच्या दारात मी जाणार नाही."

म्हाताऱ्याची झोप उडाली. जेवणातल्या कुणालाही विचारलं, तरी तो 'टीव्हीवर बघ' म्हणून हसायचा. इतक्या वर्षांच्या संसारात सांगण्यासारखं थोडं का होतं? छताचं गळणं, विकलेला पियानो, ते लग्नाच्या वाढदिवशी शिकारीला जाणं. यातलं नेमकं काय ओकली ही?

जावयाने टपालाने टीव्हीला जोडायचा, नव्या तऱ्हेचं प्रक्षेपण पकडणारा डबा पाठवला. डेल्मसने तो जोडला. पडद्यावर अक्षरं उमटली: कार्यक्रम कुलूपबंद आहे. बघायची परवानगी तपासण्यासाठी इंटरनेट जोडा.

"कुणाची परवानगी?" डेल्मस टीव्हीवर खेकसला. "माझं घर, माझा खांब, देवाची हवा! आणि परवानगी कुणाची रे?"

इंटरनेट तर खोऱ्यात नव्हतंच. कंपनीची तार चर्चच्या वळणापर्यंत आली आणि तिथेच बसली.

शेवटी शनिवारी सकाळी शेजारी व्हर्लिनच्या पिकअपमधून डबा गावच्या लायब्ररीत नेला. लायब्ररीच्या इमोजीनबाईंनी तो इंटरनेटला जोडला आणि काय सांगू, हिरवा दिवा लागला! परवानगी मिळाली. डेल्मसने आनंदाने प्लग उपटला. मग काय वाटलं कोण जाणे, खात्रीसाठी परत लावला. डब्याने पुन्हा परवानगी मागितली.

"वीज गेली की हा सगळं विसरतो," इमोजीनबाई म्हणाल्या. "इथेच बघा ना मग."

पण लायब्ररीवर डोंगराची सावली. तिथे प्रक्षेपण पोचत नव्हतं.

"म्हणजे इथे परवानगी आहे, चित्र नाही," व्हर्लिन म्हणाला. "घरी चित्र आहे, परवानगी नाही. वा रे वा!"

"सोमवारी इंटरनेटवर टाकतील की ते," इमोजीनबाईंनी समजूत घातली.

"सोमवारी? तोवर अख्खा जिल्हा हसून मोकळा होईल, आणि मी एकटाच विचारत फिरणार, काय झालं म्हणून?"

बाईंना दया आली. त्यांनी संगणकाखालचा यूपीएस काढून दिला. मग काय, घोंगडीत गुंडाळलेला जिवंत डबा डेल्मसच्या मांडीवर, पायाशी कोकलणारा यूपीएस, आणि पुढे कोळशाचा ट्रक रस्ता अडवून निवांत चाललेला.

"खड्डे चुकव रे! वायर सुटेल!"

"चुकवून चालवायला रस्ता कुठाय? सगळे खड्डेच आहेत!" व्हर्लिन ओरडला.

घरी ओसी ठेवणीतला झगा घालून, पेपरोनी रोल भाजून वाटच बघत होती. बाराला अजून थोडा अवकाश. यूपीएस भिंतीला, अँटेना डब्याला, डबा टीव्हीला. हिरवा दिवा शाबूत! पडदा उजळला. त्यावर अक्षरं आली: हा टीव्ही जुना आहे. कुलूपबंद चित्र यावर दाखवता येणार नाही.

आणि पडदा काळा झाला.

व्हर्लिनने डोकं खाजवलं. "आता डब्याला परवानगी आहे. टीव्हीला नाही."

बारा वाजले. डेल्मस मटकन खुर्चीत बसला. "ओसी, हरलो मी. तिकडे रीव्हासुद्धा ऐकत असेल. तू काय बोललीस ते फक्त मलाच ठाऊक नाही. काही वाईट असेल तरी चालेल, पण सांग गं."

आता खरं सांगायचं तर ओसीलाही वाईट वाटलं होतं. जन्मात एकदा टीव्हीवर आली आणि स्वतःलाच दिसली नाही. ती उठली, स्वयंपाकाचा लाकडी डाव माईकसारखा धरला आणि काळ्या पडद्यासमोर उभी राहून डावात बोलायला लागली.

"त्या टीव्हीवाल्या पोरीने विचारलं, एका नवऱ्याबरोबर इतकी वर्षं टिकलात कशा? मी म्हटलं, बाई गं, आमच्याकडे टीव्ही कधी धड चाललाच नाही. हा टेकाडावर अँटेना फिरवायचा, मी खिडकीतून ओरडायची. अंधार पडला की हा खाली यायचा आणि आम्ही बोलत बसायचो. दुसरं करणार काय?"

व्हर्लिन खो खो हसत सुटला. डेल्मस हसला नाही. त्याने नाक पुसलं, ओसीकडे पाहिलं, टोपी चढवली आणि मागच्या दाराने बाहेर गेला.

थोड्या वेळाने टेकाडावरून हाक आली, "आलं का गं?"

ओसी खिडकीत गेली. टीव्हीकडे तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"थोडं डावीकडे घे!" ती ओरडली.