पोडावरच्या बायांचं तोंड

"त्या पोडावरच्या बायांना आधी तोंड धुऊन यायला सांगा."

सुपरवायझर मॅडम फोनवर बोलल्या. माझ्या फोनचा कानातला आवाज केव्हाच गेलाय. जे काही ऐकायचं ते स्पीकरवर. म्हणजे जंगूबाईनंही ऐकलं. ती माझ्यासमोरच, अंगणवाडीच्या ओट्यावर उभी होती. पोट चांगलं दिसायला लागलेलं. टेकडीमागच्या पोडावरून, कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, उन्हात चालत आलेली. ती हातपंपावर गेली, तोंड धुतलं, पदरानं पुसलं आणि परत येऊन फोनसमोर ताठ उभी राहिली.

फोननं पुन्हा तेच दाखवलं. चेहरा जुळत नाही.

मी घाटंजीकडच्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. गरोदर बाईला पोषण आहाराचं पाकीट द्यायचं तर आता आधी तिचा चेहरा फोनमध्ये टिपावा लागतो. नोंदणीच्या फोटोशी जुळला तर पाकीट द्यायचं, नाही तर परत पाठवायचं. पाकिटं माझ्या मागे खोलीत रचलेली, बाई समोर उभी, आणि मधे हा फोन. त्या दिवशी मी तिला रिकाम्या हातानं पाठवलं. आदेशच तसा होता.

फोन ऑफिसनंच दिला होता. दिला तेव्हा टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. सुरुवातीला बरा चालला. मग ॲप सारखं नवं होत गेलं आणि फोन होता तिथंच राहिला. त्याचं अपडेट येणं बंद झालं. आधी नुसतं चक्र फिरत राहायचं, मग चेहरे जुळेनात. माझ्याच केंद्रातल्या, रोज डोळ्यासमोरच्या बाया त्याला अनोळखी झाल्या.

पुढच्या खेपेला जंगूबाई पावडर लावून आली. केसांना तेल, शेजारणीची नवी साडी. लग्नाला निघाल्यासारखी. फोन नाही म्हणाला. त्यानंतर ती आलीच नाही.

तालुक्याला सभा होती. माझ्या केंद्राचं काम मागे का, असं साहेबांनी विचारलं. मी उभी राहून सांगितलं की फोन जुना झालाय, ॲप धरत नाही. साहेबांनी तो मागवून घेतला. दोन बोटांच्या चिमटीत धरला. मेलेला उंदीर धरतात तसा. सगळ्यांना दाखवला.

"फोनही जुना, बाईही जुनी. दोन्ही बदलावे लागतील."

लोक हसले. मॅडम हसल्या. माझ्या शेजारी बसलेली सेविकाही हसली, तिचाही फोन तसलाच होता. मी खाली बसले. त्या चिमटीकडेच बघत होते. आम्ही बौद्ध. माझी आई दुसऱ्याच्या वावरात निंदायला जायची. तहान लागली की ओंजळ धरायची आणि मालकीण वरून पाणी ओतायची, तांब्या आईच्या हाताला लागू नये इतक्या वरून. मी बांधावर बसून ते बघायची. ती चिमटी मला नवी नव्हती. पण आईच्या वेळी मी लहान होते, काय चाललंय ते कळायचं नाही. आता सगळं कळत होतं आणि तरी मी गप्प बसले.

घाटंजीच्या बाजारात एक मोबाईल दुरुस्तीवाला बसतो. त्याच्याकडे फोन नेला. त्यानं उघडून पाहिला, चार्ज करून पाहिला.

"ताई, याले काई झालं नाई," तो म्हणाला. "कंपनीनं सोडून देल्लं याले."

मग त्यानं समजावून सांगितलं. फोन विकला की कंपनीचं काम झालं. त्यानंतरचं अपडेट फुकट द्यावं लागतं. ते एकेका मॉडेलसाठी वेगळं बसवायचं, तपासायचं, त्याला माणसं लागतात. आतली चिप बनवणारी कंपनी आणखी दुसरीच, तीही जुन्या चिपकडे बघणं सोडते. महागाच्या फोनला जास्त वर्षं सांभाळतात, स्वस्तातल्याला लवकर वाऱ्यावर सोडतात. शिवाय जुना चालत राहिला तर नवा घेणार कोण. मग ॲपवालेही नव्या फोनांपुरतंच बघतात.

मी विचारलं, मग आमच्यासारख्यांनी काय करायचं?

"तुमच्यासाठी बनवत नाई ना ताई ते. तुमाले इकते फक्त."

मला दुकानातच रडू आलं. राग होताच, पण त्याहून जास्त हायसं वाटलं होतं. जंगूबाईच्या चेहऱ्यात काही खोट नव्हती. कोणीतरी कुठंतरी बसून एक फोन टाकून दिला होता, आणि त्याचं खापर तिच्या तोंडावर फुटलं होतं. हे तिला सांगायलाच पाहिजे होतं. पिशवीत पाकिटं भरली आणि दुसऱ्या दिवशी पोडावर गेले.

ती झोपडीसमोर बसली होती. पदर कपाळावर ओढलेला. मी जवळ बसले. पदर सरकला आणि मला दिसलं.

तिच्या कपाळावर गोंदण होतं. लहानपणी आजीनं गोंदवून घेतलेलं. मेल्यावर माणसासोबत तेवढंच जातं, दागिना नाही, लुगडं नाही, असं ती मंडळी मानतात. ते गोंदण तिनं विटेच्या तुकड्यानं घासलं होतं. अर्धं गेलं होतं. कातडी सोललेली, कडेला पू धरलेला.

"काहून केलं वं हे?" मी विचारलं.

"मॅडम म्हने ना, तोंड धुऊन ये. किती धुतलं. हेच निंगत नव्हतं."

मी सांगायला लागले की फोन खराब आहे, तुझं तोंड चांगलं आहे. ती ऐकत होती, पण तिला पटत नव्हतं. फोन ऑफिसचा, तो कसा खोटा बोलेल? तिनं पदर मागे टाकला, ओली जखम घेऊन माझ्यासमोर ताठ बसली आणि म्हणाली, "आता फोटो काढून पाह्य बाई. आता बसन त्यात."

मी फोन काढला नाही. पाकीट तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं हात लावला नाही. फोटोशिवाय घेतलं तर माझी नोकरी जाईल, असं तिनंच मला सांगितलं. शेवटी पाकीट तिच्या सासूनं उचललं. परतीच्या वाटेवर मी मोठ्यानं रडले. लाज वाटली नाही.

पुढच्या सभेत माझं नाव पुकारायच्या आधीच मी उठले. एरवी साहेबांसमोर मी पुस्तकातली भाषा बोलते. त्या दिवशी घरची आली.

"साहेब, हा फोन ठेवा तुमच्यापाशी. याच्यासमोर मी आता कोन्या बाईले उभी करनार नाई."

"मग ओळख कशी पटवणार?"

"डोये हायेत मले."

कोणी हसलं नाही. साहेब म्हणाले, नोटीस निघेल. मी म्हणाले, काढा. फोन टेबलावर ठेवला, दोन्ही हातांनी, जसा कोणाच्याही हातात काही द्यावं तसा. आणि बाहेर आले.

नोटीस आली आहे. पुढचीही येईल. माझ्या जागी नवी बाई, नवा फोन येईल, आणि थोड्या वर्षांनी तोही जुना ठरेल. तेव्हा उन्हात उभी असेल ती दुसरी कोणी जंगूबाई. मला हे दिसतंय.

जंगूबाई पुन्हा केंद्रात यायला लागली आहे. जखम भरली, गोंदण अर्धंच राहिलं. पदर नाकापर्यंत ओढून येते, मान वर करत नाही. मी म्हणते, वर पाह्य वं. ती पाहत नाही.

मी तिचं नाव घेते आणि पाकीट तिच्या हातात देते. खुर्चीवर आहे तोवर देत राहीन. खुर्ची गेली तर पोडावर जाईन आणि तिथल्या एकेका बाईला घेऊन त्याच ऑफिसात येईन. ज्याला पाकिटांचा हिशोब पाहिजे असेल त्यानं तिचा पदर बाजूला करावा, त्या कपाळाकडे बघावं आणि मग मला विचारावं.