पास घ्यायचा की नाही?

तमिळ मुलखातल्या आमच्या ऑफिसात काम कमी साठतं, किस्से जास्त! आता तांबरमच्या पुढे नवीन थीम पार्क झालं, तिथल्या वर्षभराच्या पासवर ऑफिसला सवलत मिळाली, आणि प्रश्न पडला: तिथे पुन्हा पुन्हा जाण्यासारखं आहे का? ठरवायला आम्ही चौघं शनिवारी निघालो. मी नाशिकचा, समीर कोल्हापूरचा, मृणाल नागपूरची आणि आमच्या सीनियर सरोजाक्का. त्या तंजावरच्या मराठी घरातल्या.

*

गेटवरच अडलो. अक्कांच्या पिशवीत दहीभाताचा डबा!

गार्ड तमिळमध्ये म्हणाला, "बाहेरचं खाणं आत चालत नाही."

अक्काही तमिळमध्ये कडाडल्या, "बाहेरचं कुठंय? घरचं आहे!"

गार्ड गोंधळला. त्यानं सुपरवायझरला बोलावलं. सुपरवायझरही गोंधळला. शेवटी डबा गेटवरच उघडला आणि आम्ही चौघांनी उभ्यानं संपवला. गार्डनंही दोन घास खाल्ले, वर लोणचं मागितलं!

*

मृणालनं प्रत्येक राइडला मार्क द्यायला मोबाइलवर एक्सेल शीट केली होती. रोलर कोस्टरला दहापैकी नऊ!

पण बाहेर लावलेल्या फोटोत बाईसाहेबांचे डोळे गच्च मिटलेले. सगळ्याच राइडच्या फोटोंत तसेच.

अक्का म्हणाल्या, "अगे, डोळे झांकून मार्क कशी दिलीस?"

"समीरच्या ओरडण्यावरून!"

*

आमचे साहेब शुक्रवारी मीटिंगमध्ये म्हणाले होते, "पास कशाला? असल्या जागा एकदा बघितल्या की बस!"

शनिवारी आम्ही बर्फाच्या दालनात शिरलो. बाहेर अंगाची काहिली, आत दात वाजतायत. समोर भाड्याच्या जाड जॅकेटात एक गृहस्थ बर्फाचे गोळे करत होते. साहेब!

"सर, तुम्ही?"

"एकदा बघून पुरतं का, याची खात्री करतोय," साहेब म्हणाले. "ही तिसरी वेळ."

*

परतीच्या बसमध्ये मतदान झालं. पास घ्यावा म्हणणारे तीन. घेऊ नये म्हणणारेही तीन. माणसं चार!

पुन्हा मोजलं. तेच.

"मी दोन्हीकडे हात वर केला," मृणाल म्हणाली.

अक्का खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मी पण."

*

आता समीरचं. पार्कला जाण्याच्या दोनच दिवस आधी त्यानं राजीनामा दिला होता. पुण्यात नोकरी मिळाली होती. चार वर्षं अड्यारच्या एका खोलीत एकटा राहिला. ना तमिळ शिकला, ना इथला उकाडा त्याला सोसला. "सुटलो एकदाचा!" असं येताजाता म्हणत होता. आम्हाला मात्र आतून वाईट वाटत होतं.

सोमवारी कँटीनमध्ये पासचं टेबल लागलं. आम्ही तिघं अजून विचारच करत होतो, आणि रांगेत सगळ्यात पुढे समीर!

मी धावत गेलो. "अरे, पुढच्या महिन्यात चाललायस ना तू?"

"राजीनामा सकाळीच मागे घेतला."

टेबलामागच्या मुलीनं विचारलं, "किती पास?"

"दोन."

मी अक्कांकडे पाहिलं, अक्कांनी मृणालकडे, मृणालनं माझ्याकडे. समीर पासवरच्या फोटोसाठी केस सारखे करत होता.

"दुसऱ्या पासवर नाव काय घालू?"

समीरचे कान लाल झाले. मग चक्क तमिळमध्ये त्यानं विचारलं,

"नाव पुढच्या आठवड्यात सांगितलं तर चालेल का? तिला अजून विचारायचंय."