लालीचं औषध

डॉ. देवस्थळी बाई कोणाचा नमस्कार घेत नसत. म्हसळ्याजवळच्या जनावरांच्या दवाखान्यात मी पट्टीबंधक होतो. पहिल्या दिवशी मी हात जोडले, तर म्हणाल्या, "हात मोकळे ठेवा. जनावर धरायचंय." तेव्हा त्या बाईची जी चीड आली, ती आजतागायत गेलेली नाही.

बाई मुंबईहून एक प्रयोग घेऊन आल्या होत्या. गुरांच्या डोळ्याला कॅन्सरची गाठ येते, तिच्यासाठी. औषध शिरेतून द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी गाठीवर लाल प्रकाश सोडायचा. उजेड पडला की औषध जागं होतं आणि गाठ जळते. पण ते कातडीतही उतरतं, म्हणून जनावर आठवडाभर अंधारात बांधायचं. ऊन लागलं तर कातडी सोलून निघते. अर्ध्या गुरांना खरं औषध, अर्ध्यांना नुसतं सलाइन, तेही चिठ्ठ्या टाकून. मालकांना पत्ता लागू द्यायचा नाही. कोणी काकुळतीने विचारलं, "बाई, गुण येईल ना?" तर उत्तर ठरलेलं, "मला माहीत असतं तर इथे कशाला आले असते?" धीराचे दोन शब्द बोलायला काय जात होतं?

माझ्या चंद्रीच्या डाव्या डोळ्यात गाठ होती. चिठ्ठीत तिला सलाइन आलं. मी बाईंच्या अक्षरशः पाया पडलो. "गाय कोणाची ते चिठ्ठीला कळत नाही," एवढं बोलून त्या चहा पीत राहिल्या. माझं डोकंच फिरलं. सुया भरायचं काम माझ्याकडे होतं. यादीत चंद्रीच्या खाली अमिनाबीची लाली होती, तिच्या नावावर खरं औषध होतं. अमिनाबी दिघीच्या रस्त्याला राहायची. नवरा वारलेला, घरात ती आणि गाय. मी दोघींच्या सुयांची अदलाबदल केली.

चौथ्या दिवशी अमिनाबी धापा टाकत दवाखान्यात आली. "डाक्टरीनबाई, माजी गलती झाली. दावं तुटलं, गाय अख्खी दोपार उन्हात होती. मला काय बोलायचं ते बोला, पन तिला बगा!"

बाई मला घेऊन निघाल्या. लालीचे कान, नाकपुड्या, कास, सगळं तपासलं. अंगावर साधा चट्टा नव्हता. "अल्लानं राखली," अमिनाबी रडत म्हणाली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. जीपमध्ये बसल्यावर त्यांनी विचारलं, "औषध चंद्रीला दिलंत?" मी सगळं ओकलो.

"एक बाटली शिल्लक आहे," मी म्हणालो, "लालीला द्या आणि विषय मिटवा."

"आधी लिहीन, मग बघू. आणि अमिनाबीला तुम्ही सांगायचं. मी नाही."

लिहिलं त्यांनी, माझ्या नावासकट. मला मेमो आला. प्रयोग बंद झाला, उरलेलं औषध परत गेलं. काय साधलं त्या खरेपणाने? चंद्री बरी झाली आणि लालीची गाठ बुबुळावर चढली. मी गावात सांगून टाकलं की बाईंचं औषधच फसवं निघालं. सगळ्यांना पटलं. बाईंची बाजू घ्यायला होतं कोण?

शेवटी लालीचा डोळा काढावा लागला. तो बाईंनीच काढला. "डोकं तुम्ही धरा," मला म्हणाल्या. मी शेवटचा टाका पडेपर्यंत धरून बसलो.

मग अमिनाबीने चहा आणला. एकच कप. तो तिने माझ्या हातात दिला. "भाई, तुमी होता म्हनून जनावर जगलं. त्या बाईनं माज्या गाईचा डोला खाल्ला. व्हय का न्हाय?"

बाई पाच पावलांवर बादलीत हात धूत होत्या. त्या थांबल्या आणि माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"व्हय," मी म्हणालो.

बाईंनी हात पुसले, पेटी उचलली आणि निघून गेल्या. महिनाभरात त्यांची बदली झाली. अमिनाबी अजून ईदला माझ्याकडे शिरखुर्मा पाठवते. त्या दिवशी बाई एक शब्द बोलल्या असत्या तर मी सुटलो असतो. त्या बोलल्या नाहीत, हे मी त्यांना कधीच माफ करणार नाही.